चिरमुऱ्याच्या भट्टीवरचा इंग्रजी क्लास

क्लासचे किस्से खडूच्या भुकटीसारखे असतात. कितीही झटकले तरी पदराला चिकटून घरी येतातच. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात माने सरांच्या क्लासमध्ये ज्युनिअर टीचर होते. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेसाठी इंग्रजी ग्रामर आणि पंक्चुएशन! क्लास चिरमुऱ्याच्या भट्टीवरच्या माडीत. दुपारी खालून चिरमुऱ्यांचा असा ऊबदार वास वर यायचा, की आपण व्याकरण शिकवतोय की स्वप्न बघतोय, तेच कळायचं नाही. अजून कुठं तो वास आला की मी भर रस्त्यात उभी राहते. खुळ्यासारखी!

*

सर स्वतःच त्या वासात हरवायचे. फळ्यावर अर्धं वाक्य लिहायचं आणि खिडकीतून दूर जोतिबाच्या डोंगराकडं बघत राहायचं. खडू हातात तसाच. एकदा बराच वेळ गेला. पोरंही गप्प बसून डोंगर बघत होती. मग सर सावकाश वळले.

"हं... कुठं होतो आपण?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "आमी हितंच हाय सर, तुमीच डोंगरावर गेलता!"

*

सरांचा एक नियम होता. वाचताना जिथं दम घ्यावासा वाटेल, तिथं कॉमा द्यायचा. हातकणंगल्याचा सर्जेराव पहाटे तालमीत आणि दुपारी आमच्याकडं. त्यानं पानभर मजकुरात एकही कॉमा दिला नाही. सर भडकले. "ऊठ, वाचून दाखव!"

गडी उठला, छाती फुगवली आणि अख्खं पान एका दमात वाचून काढलं की हो!

"आता सांगा सर, कुठं देऊ? मला दमच लागंना!"

सरांनी तो नियम त्याच दिवशी रद्द केला.

*

मुरगूडच्या सुनीलचं भलतंच. तो प्रत्येक वाक्यापुढं उद्गारचिन्ह ठोकायचा. प्रिन्सिपलना रजेचा अर्ज लिहायला सांगितला, तर 'सर'पुढं उद्गारचिन्ह, 'ताप आलाय'पुढं उद्गारचिन्ह, 'रजा द्या'पुढं दोन!

मी म्हटलं, "अरे, अर्ज आहे, भांडण नव्हे. जरा हळू!"

"हळूच लिवलंय की मॅडम! आमच्या घरात जेवायला बी असंच बोलावत्यात!"

*

वैशाली मात्र वर्गात सगळ्यात कमी बोलायची. एके दिवशी तिची आई घाबरीघुबरी होऊन माडी चढून आली.

"सर, पोरगी झोपंत 'हॅड बीन, हॅड बीन' करती! जोतिबाचा गुलाल लावला, तरी थांबंना!"

"घाबरू नका," सर म्हणाले, "आता ती पास होणार."

वैशालीला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. तिच्या वडलांना, बापूंना, तिचं लग्न उरकायचं होतं. "व्याकरणानं चूल पेटत न्हाय," असं ते सरांना तोंडावर सांगून गेले होते. आणि नशीब बघा, ज्या रविवारी परीक्षा, त्याच रविवारी त्यांनी बघायला पावणे बोलावले!

*

आदल्या दिवशी वैशाली माझ्यापाशी येऊन रडली. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "तू मागच्या दारानं परीक्षेला जा. घर मी सांभाळते." कसं सांभाळणार होते, देव जाणे!

रविवारी वैशाली गेली आणि पावणे आले. मी तिच्या आईशेजारी बसून भाकरी थापत होते. बापू स्वयंपाकघरात आले.

"पोरीला साडी नेसवा. पावणं घाई करत्यात."

वैशालीच्या आईचा हात पिठातच थांबला. बापूंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग उघड्या मागच्या दाराकडं.

"तुमी क्लासच्या मॅडम न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

बापू चुलीकडं वळले. मग मटणाचं पातेलं स्वतः उचललं आणि बाहेर जाऊन मोठ्यांदा म्हणाले, "बघायचं मागनं, पावणं! आदी जेवान!"

त्यानंतर जो आग्रह झाला, तसा मी आजवर बघितला नाही. पावण्यांनी ताटावर हात आडवा धरला की बापू हात बाजूला करून वाढायचे. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, पुन्हा तांबडा झाला. "कोल्हापुरात येऊन उपाशी जाता व्हय?" नको नको म्हणत एकेक जण भिंतीला टेकला. नवरदेव तर सुपारी गालात धरूनच घोरायला लागला!

सगळं घर शांत झालं. पंखा सावकाश फिरत होता, दारातून उन्हाची तिरीप आत आली होती. आता वैशाली कितव्या प्रश्नावर असेल, एवढंच माझ्या मनात घोळत होतं. बापू उंबऱ्यावर बसून घड्याळाकडं बघत होते.

इतक्यात सगळ्यात थोरल्या पावण्यांनी एक डोळा उघडला.

"आवो, पोरगी कुठाय?"

पेपर सुटायला अजून अर्धा तास होता. बापू धोतर सावरत उठले.

"आवरतीया की पावणं! तवर वाटीभर पांढरा घ्या. ओ मॅडम, रस्सा तापवा!"