मोटारींचा तळ

स्वराज्य मिळालं त्या हिवाळ्यात मी भंडारदऱ्याला गेलो होतो. धरणाकाठच्या माळावर भिंगारचा एक म्हातारा फिटर चुन्याचं डबडं घेऊन उकिडवा बसला होता. नाव मी विचारलं नाही. तिथल्या लष्करी छावणीत त्याने एका साहेबाची, मोटारीमागे ओढायची चाकांवरची खोली पाहिली होती. आत पलंग, चूल, सगळं. असे साहेब इथे हवा खायला येतील, म्हणून सगळी पुंजी घालून त्याने हा माळ घेतला आणि मोटारी उभ्या करायला पांढऱ्या दगडांच्या रांगा आखल्या.

साहेब विलायतेला निघून गेले. गावातल्या बायांनी मात्र ते रंगवलेले दगड देव समजून त्यांना शेंदूर लावला. म्हातारा आता शेंदूर तेवढा सोडून चुना देत होता.

"मोटारी न्हाई आल्या, देव आले," तो म्हणाला. "त्यान्ला ऊठ कसं म्हनायचं?"

मला हसू आलं. तेवढ्यात त्याला एक दगड तिरका दिसला. त्याने वरची फुलं अलगद बाजूला ठेवली, दगड रांगेत सरकवला आणि फुलं पुन्हा वाहिली.

"रांग सरळ पायजे," तो म्हणाला. "एखांदी मोटार आलीच, तर?"