पोत्यावरचे सारस

लग्न होऊन साकोलीला आले ते सत्तर सालानंतर. घरी नळ नव्हता, म्हणून बाहेर पडायला पाण्याचं तेवढं कारण. विहीर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. डोक्यावर पदर, मान खाली, मागून सासूबाई. खाली मान घालून चालणाऱ्याला रस्ताच दिसतो. मला सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसायची, हिरव्या बांगड्यांचे तुकडे, ट्रकच्या मागच्या दिव्याच्या लाल प्लास्टिकच्या कपच्या. जोडवं नीट करायचं निमित्त करून मी बसायचे आणि सापडेल ते ओच्यात टाकायचे.

दुपारी धान्याच्या खोलीत ते सगळं तांदळाच्या पोत्यावर शिवायचे. सारसाची जोडी करायला घेतली होती, माहेरच्या तळ्याकाठी बघितलेली. अंग चांदीचं, खळीनं चिकटवलेलं. खाली काचांचं हिरवं धान. त्या खोलीला खिडकी नव्हती, पण हात चालायचा तोवर ते जाणवायचं नाही.

डोक्यांच्या शेवटच्या एक-दोन लाल कपच्यांना भोकं पाडायला चुलीत सुई तापवत होते, तिथंच सापडले.

"उकिरड्यावरून आणली काय वो तुले?" सासूबाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, सुनेले खायले देत नाहीत, कचरा वेचून राहिली!"

पोतं त्यांनी गुंडाळून नेलं. फेकलंच असेल, असं मी धरून चालले.

पुढच्याच महिन्यात सिहोऱ्याचे लोक ननंदेला बघायला आले. मुलीचं हातकाम भिंतीवर लावायची रीत होती, आणि ननंदेचा साधा रुमालही पुरा झालेला नव्हता. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बैठकीत गेले, तर समोर माझे सारस.

"पोरीनं केलं काय जी?" मुलाच्या आईनं विचारलं.

"हो तं! रिकामी बसतच नाही ती."

ननंदेनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मीही घातली.

लग्न जमलं. सारस रुखवतातून सिहोऱ्याला गेले. निघताना ननंद गळ्यात पडून रडली. "वहिनी, कोणाले सांगू नको वो."

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आता हे बंद. तिच्या सासरचे कधीही येतील. तुझ्या हातचं दिसलं तं पोरीचं नांदणं कठीण होईल." ते खरं होतं, म्हणून मला भांडताही येईना. विहिरीच्या वाटेवर वाकले की मागून आवाज यायचा, "ऊठ."

दोन वर्षांनी ननंदेच्या बाळाच्या बारशाला सिहोऱ्याला गेलो. सारस दारासमोरच टांगलेले. एकाच्या डोक्यावरची एक कपची गळून पडली होती. दोन टाक्यांचं काम.

"सुनेले म्हणतो लाव, तं तिले वेळच भेटत नाही," जेवायला वाढताना ननंदेची सासू मला म्हणाली. "तुले येते काय वो असं काही?"

ननंद बाळाला घेऊन उभी होती. तिचा हात थोपटता थोपटता थांबला.

"नाही जी," मी म्हणाले. "मले नाही येत."

सासूबाईंनी आपल्या ताटातला लाडू उचलून माझ्या ताटात ठेवला.