सुजेच्या मागावर तात्या

इंदापूर तालुक्यात सुजलेली हिरडी लपवून बाळगण्याची सोय आता कुणालाच उरलेली नाही, आणि याचं सगळं श्रेय माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना, म्हणजे तात्यांना जातं. डाळजजवळच्या त्यांच्या पेरूच्या बागेत सहज डोकावलेला पाहुणा चहाच्या आधी आ करून बसलेला असतो आणि तात्या बॅटरीचा झोत टाकून त्याच्या दातांची पाहणी करत असतात. "सूज हाय," हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की धडधाकट माणूससुद्धा चहा न घेता उठतो. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवाला म्हणाले, "आ कर." नवरदेवाला वाटलं, हाही एखादा विधीच असेल. त्याने आ केला. त्याचं बघून भटजींनीही केला. कारखान्याच्या निवडणुकीत मत मागायला आलेला उमेदवारही सुटला नाही. त्याच्या तोंडात झोत फिरवून तात्या चारचौघांत म्हणाले, "ह्याच्या हिरड्या सुजल्यात. निवडून आला की ह्यो आपल्याला इसरणार." त्यावर शेजारचे आबा म्हणाले, "तात्या, इसरायला त्याला सूज कशाला लागती?"

हे वेड लागलं ते माईंमुळे. माई म्हणजे तात्यांची बायको. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, गॅसवरचं दूध भांड्यासकट करपायला लागलं, ते सगळ्यांनी हसून सोडून दिलं. पण एके सकाळी माईंनी माझ्या बहिणीला, रोज समोर वावरणाऱ्या सुनेला, "कुनाची गं तू?" असं विचारलं, तेव्हा तात्या हादरले. बारामतीच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. गाडी माझी असल्यामुळे मीही आत होतो. तात्यांनी कारण विचारलं. डॉक्टर म्हणाले, कारण एकच सांगता येत नाही. वय असतं, आनुवंशिकता असते, आणि शरीरात वर्षानुवर्षं मुरलेली सूज, मग ती हिरड्यांची का असेना, मेंदूला त्रास देत असावी असंही दिसतंय, पण नक्की किती ते अजून कळायचंय. एवढ्या सगळ्यातून तात्यांनी घरी आणली ती फक्त सूज. दुसऱ्या दिवसापासून ते भेटेल त्याला समजावू लागले, "मेंदूत राखणदार असत्यात. चोर आला की काठी घिऊन उठत्यात, ते चांगलंच. पर शरीरात कुठंबी कायमची सूज असली, की ह्यो गडी कायमच काठी घिऊन उभा. मग एक दिवस घरच्यांनाच हानतो." हे ऐकून डॉक्टर खूप हसले आणि म्हणाले, फारसं चुकीचं नाही.

माईंना तरुणपणापासून मशेरीची सवय. सकाळी तंबाखूची ती काळी भुकटी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. तात्यांनी मशेरीची डबी कालव्यात फेकली. संध्याकाळी तांदळाच्या डब्यात दुसरी सापडली. मग उशीच्या अभ्र्यात, देव्हाऱ्यामागे, शिलाई मशीनच्या खणात. तात्या चोर पकडल्याच्या थाटात ओरडायचे, "लई चलाख हाय! लपवून ठिवती!" एकदा त्यांनी सगळ्या डब्या माईंपुढे मांडल्या. माईंनी एकेक डबी उचलून पाहिली आणि विचारलं, "ह्या कुनाच्या वो?" त्या लपवत नव्हत्याच. ठेवलेली सापडेना, म्हणून दुकानातून नवी आणत होत्या. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

नंतर मात्र त्यांनी जिद्दच धरली. मशेरी बंद, दाताच्या डॉक्टरांकडे खेपा, सकाळ-संध्याकाळ स्वतः ब्रश घेऊन माईंसमोर उभे. माईंच्या हिरड्या खरोखरच सुधारल्या. "बघ, लाल पेरूच्या गरावानी झाल्यात!" असं ते मला कौतुकाने दाखवायचे. विसर मात्र वाढतच गेला. गेल्या हिवाळ्यात बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं, "तात्या, सूज गेली हे चांगलंच झालं. पण गेलेली आठवण त्याने परत येईल, असं नाही."

परतीच्या वाटेवर भिगवण आलं. तात्या बॅटरीचं झाकण नुसतं उघडत-मिटत बसले होते. मागून माईंनी विचारलं, "कुठं चाललोय?"

"घरी."

"घरी कशाला? नरसिंहपूरला नेतो म्हनला हुता न्हवं?"

"मी? कवा?"

"सून यायच्या आदी. पेरू तुटला की जाऊ म्हनला हुता. संगमावर."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या काहीही लक्षात नव्हतं. पेरू किती वर्षं तुटत होता, कोण जाणे. डाळजचा फाटा आला तेव्हा त्यांनी हाताने पुढे अशी खूण केली आणि मी गाडी सरळ काढली.

नरसिंहपूरच्या घाटावर ऊन उतरलं होतं. माईंचा हात धरून तात्या एकेक पायरी उतरले आणि दोघं पाण्यात पाय सोडून बसले. मी वरच्या पायरीवर थांबलो. तात्या हळूच म्हणाले, "राहूनच गेलं बघ. मी इसरलो."

माईंनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. "असू द्या. वय झालं तुमचं. हुतं असं."

तात्यांनी नुसती मान डोलावली आणि दिवस मावळेपर्यंत माईंच्या शेजारी बसून राहिले.