हाडं माझी आहेत

आमलीतल्या आमच्या कारखान्यात पॅकिंगला सगळ्या बायकाच, आणि गप्पांना चहाची सुट्टी तेवढी. तरी किस्से इतके साचलेत की घरी सांगायला लागले की भाजी करपते. बरेचसे विमलताईचे. शिरपूरची बाई, पन्नाशी उलटलेली, घर तिच्याच पगारावर.

*

ही बाई पाण्याची बादली उचलायला गेली आणि मनगट मोडलं. पडली नाही, आपटली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर हाडं आतून ठिसूळ होतात, दुखत नाहीत म्हणून कळत नाही.

नवरा म्हणाला, "बादलीत दगड होते का?"

"नाही, तुमचा संसार होता."

*

घरात दूध नवऱ्याला आणि पोरांना. ताईने पहिल्यांदाच स्वतःला पेलाभर ओतलं, तर सासूने विचारलं, "कोणी आजारी आहे का गं?"

"हो, मी," म्हणत ताईने तिलाही एक पेला दिला. म्हातारी आधी रागावली, मग प्यायली.

*

प्लास्टर निघाल्यावर ताई चहा घेऊन गेटपाशी उन्हात बसायला लागली. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. मग आम्हीही बसलो. वॉचमन सावलीकडे बोट दाखवत म्हणाला, "बेन, छांयडामां बेसो ने!"

ताई म्हणाली, "सूर्य कंपनीचा आहे का?"

*

मग कंपनीत हाडांचा कॅम्प लागला. मॅनेजरने आधीच सांगून टाकलं, "विमलबेन का रिपोर्ट खराब आया तो घर बैठना पडेगा." माझं तर डोकंच फिरलं.

रक्त तपासायच्या आधी आम्ही बीट खाऊन जातो, तशा त्या दिवशी सगळ्या दूध ढोसून आलो. एकीने लिटरभर संपवलं आणि मशीनऐवजी संडासच्या रांगेत उभी राहिली.

त्याच डॉक्टरीणबाई आल्या होत्या. हसून म्हणाल्या, "एका सकाळच्या दुधाने हाड भरत नाही गं. वर्षं लागतात."

*

मशीनमध्ये टाच ठेवायची. ताईचा रिपोर्ट खराबच आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध चालू आहे, जड उचलू नका, बाकी काम खुशाल करा. मॅनेजर ऐकेना. "लाइन पे कमजोर लोग नहीं चलेंगे."

ताई म्हणाली, "साहेब, तुम्ही पण टाच ठेवा."

"ये तो लेडीज की बीमारी है."

"पुरुषांनाही होते. बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दिवसभर केबिनमध्ये सिगारेटी ओढणारा माणूस बूट काढून बसला. सगळी लाइन गोळा झाली. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, पुन्हा टाच ठेवायला लावली.

"तुमचं हाड विमलताईंपेक्षा कमजोर आहे."

ताईने त्याचे बूट उचलून त्याच्यापुढे ठेवले.

"मग साहेब, तुम्ही कधीपासून घरी बसताय?"