तपासणीसाठी आवळलेली चेन

नव्वद सालानंतर यांची बदली नगरला झाली. हे फौजेत नायक होते, डिस्पॅच रायडर, म्हणजे डीआर. वायरलेस लागला नाही की कागद मोटारसायकलवरून पोचवायचा, हे यांचं काम. आमचं फॅमिली क्वार्टर गाड्यांच्या शेडमागेच होतं. यांचं गाव तिसगाव, करंजी घाटाच्या पलीकडे.

रविवारी सकाळी हे गाडी घेऊन बसत आणि मला हाक मारत. मागच्या चाकाला लावलेली सुतळी पुढच्या चाकापर्यंत ताणायची. दोन्ही बाजूंची फट सारखी आली म्हणजे चाक सरळ. सुतळीचं टोक मी धरायची. मग चेन बघायची. गाडीवर माणूस बसला की चेन आणखी ताणली जाते, म्हणून ती वजन ठेवूनच बघावी लागते. ते वजन मी. पदर तोंडावर ओढून, डोळे मिटून सीटवर बसायची.

शेजारचे लान्स नायक सलीमभाई नगरचेच. ते म्हणत, "वहिनी, लायसन काढा आता. नायकाला मागं बसवून तिसगावला न्या."

"आदी डोळे तर उघडू दे तिला," हे म्हणत. मग मला सांगत, "बसल्यावर चेन दोन बोटं हालली पायजे. लई आवळली तर तुटती. तुटून चाकात गेली की माणूस गेला."

तपासणीला मात्र उलटं. लोंबती चेन मोठ्या साहेबांना ढिसाळ दिसते, म्हणून सगळ्या चेनी तारेसारख्या आवळत. पाने आणि पकडी पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडत. साहेब गेले की चेनी परत सैल करत. नेहमी तसंच चालायचं.

त्या तपासणीच्या सकाळी, साहेब यायच्या आधी, पाथर्डीकडे सरावाला गेलेल्या तुकडीचा वायरलेस बंद पडला. कागद तातडीचा होता. त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

हे पाण्याची बाटली घ्यायला दारात आले. गाडी चालूच होती. मी चेनीकडे पाहिलं.

"अहो, आवळलेलीच हाय."

"म्हाईत हाय."

"मग पाना तरी न्या संगं."

"चादरीवर मांडलाय. एक कमी निघाला तर समद्यांना धरतील. तिसगावात कुनाचा तरी घेऊन सैल करतो."

शेडमधून सुभेदार ओरडले, "डीआर, निघा!"

"निघालो, साब."

तिसगाव आलंच नाही. करंजी घाटात चेन तुटली आणि मागचं चाक जाम झालं.

बातमी आली तेव्हा पुढे जायला सलीमभाईंना सांगितलं. त्यांनी चादरीवरचा पाना उचलला, साहेबांसमोर आपल्या गाडीची चेन सैल केली आणि निघाले. कोणी अडवलं नाही. घाटातून कागद घेऊन त्यांनी तो पोचवला. संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. मी आत जाऊन स्टोव्ह बंद केला.

पुढे हुकूम निघाला, तपासणीला चेन आवळायची नाही. सुभेदार स्वतः सांगायला आले. मी म्हणाले, "बरं झालं."

पलटणीच्या दगडावर लढाईत गेलेल्यांची नावं आहेत. यांचं नाही. मी यांचं नाव तोंडाने कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यालासुद्धा लाजून गप्प राहिले होते. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे लिहिता येतं.

नायक बाबूराव कोंडिबा साळवे. डिस्पॅच रायडर. मुक्काम तिसगाव.