लचक सर नऊवारीत

लचक सर रस्त्यात लोकांच्या मागे मागे, अगदी त्यांच्यासारखंच चालायचे. पुढचा लंगडत असला की हेही लंगडणार. तो पोट पुढे काढून चालला की हेही पोट काढणार, आणि त्यात त्यांना फार कष्ट पडत नसत. एकदा एका पैलवानाच्या हे लक्षात आलं आणि त्याने सरांच्या कानाखाली वाजवली. सर गाल चोळत मला म्हणाले, "बघितलीस? हात आधी मागं नेला, मगच आला की. तुझी चित्रातली माणसं थेट मारत्यात, म्हणून लागत न्हाय."

आमच्या चादरींच्या गावात, भवानी पेठेत, एका चादरीच्या दुकानावर त्यांचा अ‍ॅनिमेशनचा लहानसा स्टुडिओ होता. चित्रातली माणसं कॉम्प्युटरवर हलवायची, हे माझं काम. कुठलंही काम दाखवलं की सर विचारायचे, "लचक कुठाय?" म्हणून आम्ही हे नाव ठेवलं, खरं नाव बहुधा घरी काकूंनाच आठवत असावं. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे चिडले की कन्नडमध्ये शिरायचे. शिव्या बसायच्या, पण अपमान व्हायचा नाही.

पुण्याच्या एका गृहस्थांनी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात दिली होती. एक आजी जिना चढते, एवढंच. मी हलवलेली आजी लिफ्टसारखी वर जायची. काम परत परत येत राहिलं. शेवटी गृहस्थांनी कळवलं, की मी स्वतः येतो, नाही पटलं तर थांबवू. हातात दुसरं काम नव्हतं. सरांनी माझी आजी पुन्हा एकदा पाहिली. "हिला गुडघाच न्हाय, तर दुखंल कुठनं?"

गृहस्थ यायचे त्या सकाळी सर काकूंची नऊवारी नेसून हजर. मिशीवर पदर. मला जिन्याच्या वर उभं करून मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं. खाली उभं राहून त्यांनी जिन्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्याशी जुनं भांडण आहे. मग हात कठड्यावर. मग उसासा. मग एक पाय, आणि दुसरा त्याच पायरीवर. तेवढ्यात गृहस्थ वेळेआधीच येऊन ठेपले. "सावकाश, आजी," म्हणत त्यांनी सरांचा दंड धरला. सर थांबले नाहीत. कण्हत, निम्मा भार त्यांच्यावर टाकत वर आले, खुर्चीत टेकले आणि पदर बाजूला केला. "पटली का आजी?"

गृहस्थ आधी पांढरे पडले, मग इतके हसले की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. हीच आजी पाहिजे, म्हणाले. ते चित्रण मी कितीतरी वेळा पाहिलं. पाय उचलायच्या आधी सरांचे डोळे हलत होते, आणि डोळ्यांच्या आधी मन. माझी आजी नुसतीच निघायची. तिला जिन्याची भीतीच नव्हती. ती भीती घातली आणि जाहिरात पास झाली.

गेल्या वर्षी सर हृदयविकाराने गेले. ऑपरेशननंतर दवाखान्यात भेटले तेव्हा शेजारच्या खाटेकडे डोळ्यांनी खुणावत पुटपुटले, "बायको आली की कण्हतोय, गेली की मांडी घालून बसतोय. लई नैसर्गिक." टाक्यांमुळे हसता येत नव्हतं, तरी हसले.

तेराव्याला मी सकाळीच गेले. काकूंनी दार उघडलं. पूर्वी कामावरून आम्ही इथे बरोबर यायचो तेव्हा सर कोपऱ्यावर कुणाशी तरी बोलत मागे राहायचे. मी आत आले, तरी काकूंनी दार लगेच लावलं नाही. क्षणभर माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिल्या. मग मान खाली गेली, मग खांदे, आणि शेवटी हात कडीकडे गेला.

ते थांबणं मी पुष्कळदा चित्रात काढून पाहिलं. अजून जमत नाही.