गल्लीतल्या खुर्च्या

ती केस अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. निवृत्त झाल्यापासून फायलींची स्वप्नं पडत नाहीत, पण त्या केसमधली उन्हातली दगडी गल्ली डोळे मिटले की दिसते. गंमत म्हणजे मी तिथे कधी गेलेलोच नाही.

मी टेक्सासमध्ये, फ्रिस्कोजवळच्या एका ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. एका सकाळी एक मराठी तरुण तक्रार द्यायला आला. त्याची विधवा आई त्याच्याकडेच राहायची. फोन टेबलावर ठेवून आणि पासपोर्ट घेऊन ती निघून गेली होती. माद्रिदच्या विमानापर्यंत माग लागला, पुढे काहीच नाही. आदल्या उन्हाळ्यात हे कुटुंब स्पेनच्या आतल्या भागात, समुद्रापासून दूरच्या एका खेड्यात सुट्टीसाठी घर भाड्याने घेऊन राहिलं होतं. त्या घराच्या मालकाला मुलाने फोन केला होता. तिथेही आई नव्हती.

"काका, ती जिवंत आहे का, एवढंच शोधा," तो म्हणाला.

सुनेकडून कळलं की त्याची आई, म्हणजे काकू, शेजारच्या एका मावशींबरोबर फिरायला जायच्या. मी त्यांच्याकडे गेलो. मावशी खमक्या होत्या. "पोलीस असशील, पण मराठी आहेस ना? आधी चहा घे," म्हणाल्या आणि गप्प बसल्या. गप्प बसणाऱ्याला घाई करायची नसते, तोच आधी कंटाळतो. मी सावकाश चहा प्यायलो.

"तिला घरात काही कमी नव्हतं रे," शेवटी त्या बोलल्या. "पण इथे गाडी आत गेली की गॅरेजचं दार बंद. त्या गावात बायका संध्याकाळी गल्लीत खुर्च्या टाकून बसतात म्हणे. एक म्हातारी हिलाही शेजारी बसवायची. एकीला दुसरीच्या बोलण्यातलं अक्षर कळत नसे. तरी ही इथे येऊन तिच्याच गोष्टी सांगायची."

ठाण्यात परतून मी त्या खेड्यातल्या भाड्याच्या घरांचे फोटो बघत बसलो. बदामाची झाडं, निळी दारं, निम्म्या घरांना कुलपं. बघता बघता जेवायचं राहिलं. हे कुटुंब राहिलं होतं त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका घराची वरची खोली नुकतीच भाड्याला लावली होती. न्हाणीघराच्या फोटोत शॉवरखाली बादली होती, आणि बादलीच्या काठाला अडकवलेला प्लास्टिकचा मग. मी एकटाच हसलो. आपला माणूस देश सोडेल, मुलगा सोडेल, पण अंघोळीचा मग सोडणार नाही.

मी कळवल्यावर तिथल्या पोलिसांनी त्या घरी जाऊन काकूंशी माझं फोनवर बोलणं करून दिलं. मागे कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

"मी बरी आहे. त्याला तेवढं सांगा. पत्ता नको, अजून नको."

सज्ञान माणूस स्वखुशीने गेला असेल तर त्याच्या परवानगीशिवाय ठिकाण सांगता येत नाही. नियमच तसा आहे. मी मुलाला एवढंच सांगितलं की आई सुखरूप आहे. तो आधी रडला, मग भडकला. "तुम्ही आपले आहात ना? मग व्हेअर इज शी?" मला त्याची फार दया आली. पत्ता दिला नाही, पण मावशींनी सांगितलेली गॅरेजच्या बंद दाराची आणि खुर्च्यांची गोष्ट सांगितली.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. "काका, तिला एक निरोप द्याल? गॅरेजपुढे दोन खुर्च्या टाकल्यात. मी रोज बसतो. शेजारचे बघून जातात, यार, वेडा समजत असतील."

सापडलेला माणूस परत येतोच असं नाही, हे त्या केसने मला शिकवलं. फाईल तर मी केव्हाच बंद केली होती. तरी काकूंना फोन करून निरोप पोचवला.

"रोज बसतो म्हणाला?"

"हो. दुसरी खुर्ची रिकामी असते."

त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "द्या त्याला पत्ता."